जगायचं कशाला, या प्रश्नावरचा उपचार

शिवडीहून समुद्रावर निघालेला अटल सेतू पलीकडे चिर्ले-जासईच्या शिवारात जमिनीला लागतो. २१.८ किलोमीटरच्या या पुलाचं १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालं आणि त्याच दिवशी उरणपर्यंतच्या लोकलचंही. त्याआधी जासईच्या माणसाला परळच्या टाटा हॉस्पिटलात जायचं तर वाशीच्या खाडीपुलाचा वळसा पडे, नाहीतर मोरा बंदर गाठून भाऊच्या धक्क्याची लाँच धरावी लागे. आता पुलावरून शिवडी आणि शिवडीहून परळ. टोल खिशाला लागतो तो वेगळा. टाटाचंच खारघरचं ॲक्ट्रेक तर त्याहून जवळ आहे. कॅन्सरच्या उपचारातली अंतराची अडचण इथल्या माणसापुरती बरीच कमी झाली.

दुसरी एक अडचण मात्र पुलानं सुटत नाही. ऑपरेशन झालेलं असतं, केमो चालू असते, डॉक्टर रिपोर्ट ठीक आहेत म्हणतात, आणि घरातला माणूस भिंतीकडे तोंड करून पडून असतो. ताट तसंच परत जातं. भेटायला आलेल्यांशी बोलायला नको वाटतं. कोणी फारच मागे लागलं तर एवढंच म्हणतो, ‘आता कशाला जगायचं?’ त्यानं हाय खाल्ली, असं गाव म्हणतं. त्यावर ‘धीर धरा’ यापलीकडे कोणाजवळ काही नसतं.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मानसोपचाराची एक शाखा नेमकी याच प्रश्नावर काम करण्यासाठी उभी राहिली आहे. तिच्या बैठका ठरलेल्या आहेत, बैठकीत विचारायचे प्रश्न लिहून ठेवलेले आहेत, आणि नव्या औषधाची घेतात तशी तिचीही रीतसर चाचणी झालेली आहे. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून, आधी आणि नंतर मोजमाप करून. आयुष्याचा अर्थ म्हणजे कीर्तनकार आणि तत्त्वज्ञ यांचा प्रांत अशी आपली समजूत. तो दवाखान्यात आणून त्याचं माप घेता येतं, हे मला आजही थक्क करतं.

आधी एक फरक समजून घ्यायला हवा. डेव्हिड किसेन या ऑस्ट्रेलियन मानसोपचारतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये असं मांडलं, की गंभीर आजारात माणसाचं खचणं आणि नैराश्य या दोन वेगळ्या अवस्था असू शकतात. नैराश्यात समोर आलेलं सुखही जाणवत नाही. खचलेला माणूस नातू हसला की हसतो, आवडीचं गाणं लागलं की मान डोलावतो. पण ‘पुढं काय?’ म्हटलं की त्याच्यापुढे काहीच दिसत नाही. नैराश्यावर गोळ्या आहेत आणि त्या घ्यायलाच हव्यात. खचण्यावर त्या लागू पडतीलच असं नाही.

महाराष्ट्राला मानसोपचाराची चांगली ओळख झाली ती बरीचशी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीतून. अल्बर्ट एलिस यांची ही पद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत आणली, रुजवली, आणि ठाण्याच्या आयपीएचसारख्या संस्थांमधून ती घरोघरी पोचली. तिचा गाभा असा, की मनात आलेला विचार तपासून बघा, त्याला पुरावा आहे का ते विचारा. परीक्षेची भीती, नोकरीतला अपमान, सासू-सुनेचं भांडण, इथं ही पद्धत फार कामाची आहे. पण ‘मी मरणार आहे’ या विचाराचा पुरावा बायोप्सीच्या कागदावर सहीशिक्क्यानिशी हजर असतो. तो विचार चुकीचा ठरवता येत नाही. त्यासोबत आयुष्य कसं काढायचं एवढाच प्रश्न उरतो. त्या जागी लागणारी हत्यारं दुसरीकडून यायची होती, आणि ती आली व्हिएन्नाच्या एका ज्यू डॉक्टरकडून.

व्हिक्टर फ्रँकल १९०५ साली जन्मले. मज्जाविकार आणि मनोविकार यांचे डॉक्टर. माणसाला सुखापेक्षा आणि सत्तेपेक्षाही जगण्यात अर्थ असण्याची गरज मोठी असते, हा सिद्धांत त्यांनी छळछावणीच्या आधीच मांडायला घेतला होता. सप्टेंबर १९४२ मध्ये नाझींनी त्यांना कुटुंबासह पकडून नेलं. थेरेझिनश्टाट, ऑशविट्झ, मग डाखाऊच्या दोन उपछावण्या. वडील पहिल्या छावणीत गेले, आईला ऑशविट्झमध्ये मारलं, पत्नी टिली बेर्गेन-बेल्झेनमध्ये गेली. एप्रिल १९४५ मध्ये सुटका झाली तेव्हा फ्रँकल जवळजवळ एकटे उरले होते. त्यानंतर लवकरच त्यांनी नऊ दिवसांत एक छोटं पुस्तक सांगून लिहवून घेतलं. सुरुवातीला त्यावर लेखक म्हणून स्वतःचं नावही घालायचं त्यांच्या मनात नव्हतं. तेच पुस्तक पुढे जगभर गेलं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अर्थ तीन वाटांनी येतो. काही घडवण्यातून, म्हणजे कामातून. काही अनुभवण्यातून, म्हणजे प्रेम, निसर्ग, कला यांतून. आणि या दोन्ही वाटा बंद झाल्या तर जे टाळता येत नाही त्याकडे बघण्याच्या पवित्र्यातून. तिसरी वाट शेवटच्या श्वासापर्यंत उघडी असते, असा त्यांचा दावा. छावणीतून आलेल्या माणसानं हा दावा केला म्हणून तो ऐकून घ्यावासा वाटतो. एरवी सुखवस्तू माणसानं आजारी माणसाला हे सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. फ्रँकल यांनी स्वतःच बजावून ठेवलं आहे, की टाळता येण्याजोगं दुःख सोसत बसण्यात कसलाही अर्थ नाही; ते आधी दूर करा.

हे तत्त्वज्ञान कॅन्सरच्या वॉर्डात आणलं ते न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातल्या विल्यम ब्राइटबार्ट यांनी. त्यांचे आईवडीलही नाझींच्या तावडीतून वाचलेले पोलिश ज्यू. एवढे लोक मेले, आपण का उरलो, हा प्रश्न त्यांच्या घरात लहानपणापासून होता. ब्राइटबार्ट आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अखेरच्या टप्प्यातल्या ९२ कॅन्सर रुग्णांना त्यांनी विचारलं होतं, की मरण लवकर यावं असं वाटतं का. १७ टक्के रुग्णांमध्ये ही इच्छा तीव्र होती. नैराश्य हे त्याचं एक कारण निघालं, पण आशा संपल्याची भावना हे दुसरं, स्वतंत्र कारण निघालं. नैराश्यावर औषध होतं. दुसऱ्यावर नव्हतं. तिथून अर्थकेंद्री मानसोपचाराची आखणी झाली. गटात आठ बैठका, दर आठवड्याला दीड तास. केमोनं थकलेल्या माणसांना ठरलेल्या दिवशी येणं जमत नाही हे लक्षात आल्यावर एकेकट्या रुग्णासाठी सात बैठकांची वेगळी रचना झाली. तब्येत बरी असेल तेव्हा या, पलंगाशेजारी बसूनही चालेल.

या बैठकांत होतं काय, ते जासईच्या मातीत ठेवून बघू. समजा एक गृहस्थ आहेत, साठी ओलांडलेले. कल्पनेतलेच, पण या पट्ट्यात असे पुष्कळ भेटतील. भातशेती आणि मिठागरं पाहिलेलं बालपण, जमीन सिडकोत गेली, पुढे बंदरात नोकरी. भजनी मंडळात पखवाज. आता आतड्याचा कॅन्सर, यकृतात पसरलेला.

पहिल्या बैठकीत त्यांना विचारतात, की आयुष्यात कोणत्या क्षणी जगणं भरलेलं वाटलं, तो एक प्रसंग सांगा. मोठा असायला हवा असं नाही. दुसऱ्या बैठकीत कागद पुढे येतो. कागदावर चार वेळा ‘मी’ लिहायचं आणि पुढची ओळ पुरी करायची. आजाराच्या आधी मी कोण होतो? ते लिहितात: मी तीन भावांतला थोरला. मी पखवाज वाजवणारा. भांडण झालं की मध्यस्थीला ज्याला बोलावतात, तो मी. मी माझ्या बायकोचा नवरा, चाळीस वर्षं. मग दुसरा कागद. आता मी कोण आहे? मी पेशंट. मी टाटाची फाइल. मी पोरांच्या डोक्यावरचा खर्च. चौथी ओळ सुचत नाही.

दोन्ही कागद शेजारी ठेवले जातात. थेरपिस्ट उपदेश करत नाही. तो पहिल्या कागदावर बोट ठेवून विचारतो, यातलं आजारानं नेमकं काय नेलं? केमोनं बोटं बधिर झालीत, पखवाज गेला, हे खरं. थोरलेपण गेलं का? मध्यस्थीला लोक येत नाहीत, की तुम्हीच दार लावून घेतलंय? आजारानं नेलेलं आणि आजाराच्या नावावर आपणच सोडून दिलेलं, यांचा हिशेब वेगळा होतो. मला या उपचारातली ही सर्वांत कसबी जागा वाटते. कागद-पेन्सिलीचं काम, पण माणूस त्यात स्वतःला पुन्हा सापडतो.

गटाच्या रचनेत पुढच्या दोन बैठका वारशाच्या. कोणाकडून काय मिळालं, आपण काय जगलो, मागे काय जाणार. जासईच्या माणसाकडे इथं सांगण्यासारखं किती असेल! समुद्राचं खारं पाणी भाताच्या खाचरात शिरू नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या घातलेले बांध, आगरी लग्नात धवळारणींनी म्हटलेले धवळे. आणि जानेवारी १९८४. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीचा न्याय्य मोबदला मागायला हा सगळा पट्टा रस्त्यावर उतरला. पुढारी दि. बा. पाटील, याच जासईचे. १६ आणि १७ जानेवारीला दास्तान फाटा आणि पागोटे इथं पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून विकसित भूखंड परत मिळण्याचं साडेबारा टक्क्यांचं तत्त्व आलं. आज साठी-पासष्टीत असलेला इथला माणूस तेव्हा विशी-पंचविशीत होता. कदाचित त्या गर्दीत होता. आपल्या नातवंडांना हे त्यानं कधी नीट सांगितलंय का? बहुधा नाही, दर वर्षी हुतात्मा दिनाला भाषणं पुढारी करतात. न्यूयॉर्कच्या वॉर्डात बसवलेला हा प्रश्न इथं विचारला तर उत्तर तासाभरात संपणार नाही.

मग पवित्र्याची बैठक. जे बदलत नाही त्यापुढे याआधी कधी उभे राहिलात आणि तेव्हा काय केलंत? जमीन गेली तेव्हा काय केलंत, हा प्रश्न इथं आपोआप येतो. पुढे कर्तेपणाची बैठक, म्हणजे अजून अंगावर कोणती जबाबदारी आहे, काय अर्धवट आहे. शेवटाकडे अनुभवाची: प्रेम, निसर्ग, कला, आणि विनोदही. विनोद त्या यादीत मुद्दाम आहे. मधल्या काळात रुग्णानं एक वारसा-काम हाती घ्यायचं असतं. कोणी तुटलेलं नातं जोडायला जातो, कोणी घरातल्या फोटोंवर नावं लिहितो. आपले गृहस्थ मंडळातल्या एखाद्या पोराला पखवाजाचे बोल शिकवतील. बोटं बधिर असली तरी तोंडानं बोल सांगता येतात.

कॅनडातल्या विनिपेगचे हार्वी चोचिनोव यांनी याच ध्येयाकडे जाणारी आणखी छोटी वाट काढली. सात बैठकांइतके दिवसही ज्यांच्याकडे नाहीत त्यांच्यासाठी. साधारण तासाभराची एक मुलाखत ध्वनिमुद्रित करायची. तुमच्या आयुष्यातलं घरच्यांनी काय लक्षात ठेवावं, कशाचा अभिमान वाटतो, कोणाला काय सांगायचं राहिलंय, पुढच्यांसाठी काय इच्छा आहे, असे प्रश्न. मग ते उतरवून काढायचं, नीटनेटकं करायचं, रुग्णाला वाचून दाखवायचं, त्याच्या दुरुस्त्या घ्यायच्या आणि शेवटची प्रत त्याच्या हाती द्यायची. ती त्यानं ज्याला हवी त्याला द्यावी. २००५ साली त्यांनी १०० रुग्णांचे निष्कर्ष छापले. ९१ टक्के रुग्ण समाधानी होते, ७६ टक्क्यांनी आपली प्रतिष्ठा वाढल्यासारखं वाटलं असं सांगितलं, ४७ टक्क्यांनी जगण्याची इच्छा वाढली असं. घरच्यांना याचा उपयोग झाला किंवा होईल, असं ८१ टक्क्यांना वाटलं. आपल्याकडे एक काळजी घ्यावी लागेल. जासईच्या आजीनं आगरीत सांगितलेलं उतरवताना ते वर्तमानपत्री मराठी होऊ देऊ नये. नातवंडांना आजी हवी असते, निवेदन नको असतं.

आता या साऱ्याची दुसरी बाजू. मानसिक बळानं कॅन्सर बरा होतो, आयुष्य वाढतं, असं व्हॉट्सॲपवर रोज फिरतं. त्यामागे एक खरी गोष्टही आहे. स्टॅनफर्डचे डेव्हिड स्पीगेल यांनी स्तनांच्या पसरलेल्या कॅन्सरच्या स्त्रियांचे गट चालवले होते. आठवड्यातून एकदा जमायचं, मरणाबद्दलही मोकळं बोलायचं. १९८९ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की गटातल्या स्त्रिया सरासरी ३६.६ महिने जगल्या आणि गटात नसलेल्या १८.९ महिने. जवळजवळ दुप्पट. जगभर खळबळ उडाली. मग कॅनडात २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग पुन्हा केला गेला आणि २००१ मध्ये निकाल आला: आयुष्य वाढलं नाही. पण ज्या स्त्रिया फार वेदनेत आणि मनस्तापात होत्या, त्यांचा त्रास गटामुळे कमी झाला. म्हणजे दिवस वाढले नाहीत, दिवसांची जात बदलली. मला हा दुसरा निकाल पहिल्याहून मोलाचा वाटतो. ‘मन घट्ट केलं असतं तर वाचला असता’ या वाक्यानं किती विधवांना, किती आयांना आयुष्यभर छळलंय! त्या वाक्याला शास्त्राचा आधार नाही, एवढं तरी छातीठोकपणे सांगता येतं.

अर्थकेंद्री उपचाराचे आकडेही असेच सरळ वाचायला हवेत. २०१५ च्या चाचणीत कॅन्सर बळावलेले २५३ रुग्ण होते. नुसत्या आधार देणाऱ्या गटाच्या तुलनेत अर्थकेंद्री गटात जगण्याची प्रत सुधारली, नैराश्य, आशाहीनता आणि लवकर मरण्याची इच्छा कमी झाली. चिंता मात्र तेवढी हटली नाही. एकेकट्या रुग्णासाठीच्या रचनेची मोठी चाचणी २०१८ मध्ये छापली गेली, ३२१ रुग्णांवर. नेहमीच्या उपचारापेक्षा ती सरस ठरली. पण चांगल्या, सहृदय समुपदेशनाशी तुलना केल्यावर फरक थोडा राहिला. चोचिनोव यांच्या पद्धतीची २०११ ची ३२६ रुग्णांची चाचणी तर मुख्य मापांवर बरोबरीत सुटली, जरी रुग्णांनी स्वतः तीच पद्धत जास्त उपयोगी पडली म्हणून सांगितलं. सार असं, की हा चमत्कार नाही, पण फसवणूकही नाही. आणि अर्थकेंद्री उपचाराच्या पहिल्या छोट्या चाचणीतली एक गोष्ट विसरण्यासारखी नाही: बैठका संपल्यावर दोन महिन्यांनी मोजलं तेव्हा फायदा ओसरण्याऐवजी वाढलेला होता. गोळी थांबली की गुण ओसरतो, पण इथं काहीतरी शिकलेलं माणसाजवळ राहिलं होतं.

ही कल्पना आपल्याकडे नावाशिवाय फार आधी जगली गेली आहे. १९५१ साली वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन सुरू केलं ते सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये एवढ्यावर, असं सांगतात. समाजानं ज्यांना भिकेशिवाय काही ठेवलं नव्हतं, त्यांच्या झडलेल्या बोटांत बाबांनी कुदळ दिली. रुग्णांनी विहिरी खणल्या, भाजी पिकवली, इमारती बांधल्या. औषध हवंच होतं, तेही दिलं गेलं. पण दान नको, काम हवं, हा बाबांचा हट्ट म्हणजे फ्रँकल यांची पहिली वाट. तिसरी वाट बाबांनी स्वतःच्या पाठीवर दाखवली. मणक्याच्या आजारानं त्यांना बसता येईना, उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं. १९८५ ची कन्याकुमारी ते काश्मीर भारत जोडो यात्रा त्यांनी गाडीत आडवं पडून केली.

पुण्यात डॉ. अनिता अवचट यांचं उदाहरण आणखी जवळचं, कारण त्या स्वतःच मनोविकारांच्या डॉक्टर. १९८६ मध्ये येरवड्याला त्यांनी आणि अनिल अवचटांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या मदतीनं, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. पुढे त्यांना कॅन्सर झाला. उपचार घेता घेता त्या मुक्तांगणच्या कामात राहिल्या, १९९७ मध्ये गेल्या. त्यांच्या नावानं दिला जाणारा पुरस्कार ‘संघर्ष सन्मान’ आहे, ‘विजय सन्मान’ नाही. ते नाव ठेवणाऱ्याला आजार कळलेला होता.

वेदनाशामक सेवाही मुंबई-पुण्यात बरीच जुनी आहे. डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू केलं, देशातलं पहिलं हॉस्पिस; पुढे त्याची शाखा गोव्यातही झाली. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं केंद्र आहे, तिथं पैसे लागत नाहीत. टाटामध्ये पॅलिएटिव्ह विभाग आहे आणि मानसोपचार विभागही. या सगळ्यांचा क्रम मात्र एकच: आधी दुखणं थांबवा. हाडात कळा येत असताना कोणाला वारसा सुचत नाही. मॉर्फिन हे त्याचं साधं, स्वस्त औषध. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यानं ते मिळणं जिकिरीचं करून ठेवलं होतं, २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला. ‘मॉर्फिन म्हणजे शेवट’ ही घरोघरची समजूत मात्र अजून दुरुस्त व्हायची आहे.

आपल्याकडची खरी अडचण पुढेच आहे. मुलगा डॉक्टरांच्या केबिनबाहेर नर्सला गाठतो आणि म्हणतो, ‘बाबांना सांगू नका. हाय खातील.’ फाइल घरी लपवतात. गाठ आहे, अल्सर आहे, पाणी झालंय, असं सांगतात. हेतू प्रेमाचाच. पण ज्याला आपला आजार ‘माहीत नाही’ त्याच्याशी उरलेल्या आयुष्याबद्दल बोलणार कसं? मग हा उपचार खोलीच्या बाहेर, मुलापासून सुरू करावा लागतो. सरावलेला समुपदेशक मुलाला खोटं पाडत नाही. तो विचारतो, सांगितलं तर काय होईल असं वाटतं? आणि न सांगताना तुमचं काय होतंय? मग आत जाऊन रुग्णाला विचारतो, तुम्हाला काय सांगितलंय? पुष्कळदा उत्तर येतं, ‘मला सगळं माहीत आहे. पोरांना सांगू नका, घाबरतील.’ टाटाच्या रांगेत केस गेलेल्या माणसांत तीन तास बसलेल्याला काय झालंय ते कळत नसेल, हे आपण कसं धरून चालतो कोण जाणे. ज्याला खरंच ऐकायचं नसतं, त्याचा तो हक्कही राखायचा असतो. प्रत्येकाच्या कानावर सत्य आदळलंच पाहिजे, असं कोणत्याही उपचारात लिहिलेलं नाही.

दुसरं असं, की आपल्याकडचा रुग्ण अर्थाशिवाय नसतो. बघायला येणारे पाहुणे त्याला एक अर्थ देऊन जातात. मागच्या जन्मीचं पाप. देवीचं काहीतरी राहिलंय. कोणाचा तरी तळतळाट. भगताकडे नेलं तर तो आणखी एक देतो. मशेरी लावणाऱ्या बाईला तोंडाचा कॅन्सर झाला तर सारं घर तिला रोज आठवण करून देतं. फ्रँकल यांनी दुःख आणि मृत्यू यांच्या जोडीला अपराधभावही माणसाला न चुकणाऱ्या तीन गोष्टींत धरला होता. थेरपिस्टनं इथं वाद घालायचा नसतो, पुढचा प्रश्न विचारायचा असतो: झालं ते झालं, त्याचं आता काय करावंसं वाटतं? मशेरी लावणारी बाई सुनेची मशेरी सुटावी म्हणून बसते, तेव्हा शिक्षेची जबाबदारी झालेली असते. देव या बोलण्यातून काढायचा नाही. ज्याची पंढरीवर श्रद्धा आहे त्याच्या अनुभवाच्या बैठकीत वारी येणारच.

आणि उशाशी बसलेली माणसं? स्लोन केटरिंगमध्येच ॲलिसन ॲपलबॉम यांनी काळजी घेणाऱ्यांसाठी हाच उपचार वेगळा बांधला आहे. जासईत ती माणसं म्हणजे बहुतेक वेळा बायको, मुलगी नाहीतर सून, जिला आजाऱ्याच्या आधी उठून नंतर झोपायचं असतं आणि कोणी ‘तुझं कसं चाललंय’ विचारत नाही. तिला परळ गाठायची गरज नाही. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं. रुग्णासाठी मात्र रुग्णालयातच पॅलिएटिव्ह आणि मानसोपचार विभागाची चिठ्ठी मागावी, आणि ती अगदी शेवटी मागू नये. बोलायला अंगात त्राण असतानाच या बैठका होऊ शकतात.

चोचिनोव यांच्या मुलाखतीतला काही भाग घरीही करता येण्यासारखा आहे, मोबाइलवर. त्यासाठी आधी विचारायचं, बोलायचंय का. दुपारी औषध लागू झाल्यावर, दार लोटून, एकट्यानंच त्यांच्याजवळ बसायचं. दमले की थांबायचं. रागात निघालेलं वाक्य माणूस गेल्यावर दुरुस्त करता येत नाही, म्हणून त्या मूळ पद्धतीत वाचून दाखवण्याची पायरी कधी गाळत नाहीत. तीच इथंही पाळायची: लिहून काढलेलं त्यांना वाचून दाखवायचं, काय काढून टाकायचं ते त्यांनाच विचारायचं, आणि प्रत कोणाकडे द्यायची तेही.